पटावरचं नाव, फडातलं मूल

३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत महाराष्ट्रातल्या शाळांमधल्या मुलांच्या बोटांना शाई लागली. मतदानाला लावतात तसली, सहज न पुसणारी. आज या शाळेत मोजलेलं मूल उद्या शेजारच्या शाळेच्या बाकावर बसवून दुसऱ्यांदा मोजलं जाऊ नये म्हणून केलेली ती तजवीज होती. सरकारी पथकं वर्गावर्गात गेली, पटावरची नावं आणि समोरची डोकी ताडून पाहिली. सुमारे २० लाख मुलं पटावर होती, पण वर्गात नव्हती. त्याआधी नांदेडमध्ये जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी आपल्या जिल्ह्यापुरती अशी मोहीम घेतली होती आणि तिथे सुमारे १ लाख ४० हजार बोगस नावं सापडली होती. राज्याने नांदेडचाच कित्ता गिरवला.

त्या २० लाखांना सरसकट 'बोगस विद्यार्थी' म्हटलं गेलं. त्यातली बहुतेक नावं खरोखरच रचलेली असतील; तसे पुरावे गावोगाव मिळाले. पण ऑक्टोबरचा पहिला आठवडा म्हणजे मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीन काढणीचे दिवस. त्या दिवसांत शेतावर असलेलं, धाकट्या भावंडाला सांभाळत घरी थांबलेलं, तापाने झोपलेलं मूलही त्या शाईपासून लांबच राहिलं असणार. मुळात नसलेलं मूल आणि असून न आलेलं मूल, दोघंही एकाच बेरजेत गेली. शाळेच्या हजेरीची आजची सगळी यंत्रणा, मोबाइलवरचा बॉट असो की आधारची जोडणी, त्या बेरजेतून जन्मली आहे. मला या लेखात सांगायचं आहे ते याच गोंधळाविषयी. खोटं नाव पकडणं हे एक काम आहे आणि हरवणारं मूल शोधणं हे दुसरं. पहिल्यासाठी आपण भरपूर खर्च केला, दुसरं अजून गुरुजींच्या पायांवर सोडलेलं आहे.

खोटी नावं का लिहिली जात? कारण पटावरच्या प्रत्येक नावामागे काहीतरी येतं. तुकडी टिकते, तुकडीमागे शिक्षकाचं पद टिकतं, पदामागे अनुदान येतं. पाठ्यपुस्तकं, गणवेश, शिष्यवृत्ती पटाच्या हिशेबाने मिळते. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम धान्य धरलं जातं. म्हणजे कॅटलॉगमधली खूण ही शिक्षणाची नोंद आहे तशीच ती पैशाची आणि धान्याची पावतीही आहे. संस्थाचालकांनी या पावत्या छापून घेतल्या, हे २०११ ने उघड केलं. तो गुन्हाच होता, त्यात शंका नाही.

त्यानंतर उपाय म्हणून २०१५ मध्ये 'सरल' प्रणाली आली. प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद, प्रत्येकाचा क्रमांक. पुढे तिच्याशी आधार जोडलं गेलं आणि २०२२-२३ पासून संच मान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे हे ठरवण्यासाठी, आधार वैध असलेलीच मुलं धरायची असं धोरण आलं. ज्यांनी मुख्याध्यापकांच्या खोलीत तो काळ पाहिला त्यांना 'इनव्हॅलिड' आणि 'मिसमॅच' हे शब्द पाठ झाले आहेत. जन्मतारखेत एका दिवसाचा फरक, आडनावात एका अक्षराचा फरक, वडिलांचं नाव मधे की शेवटी, अशा कारणांनी वर्गात रोज बसणारं मूल संगणकात अवैध ठरे. मग गुरुजी त्या मुलाला आणि त्याच्या आईला घेऊन तालुक्याच्या आधार केंद्रावर. आईचा दिवसाचा रोज बुडे. खोट्या नावांविरुद्ध बांधलेली भिंत आता खऱ्या मुलाच्या वाटेत उभी राहिली होती.

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात स्पष्ट म्हटलं आहे की शाळेच्या प्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही आणि आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाला लाभ नाकारता येणार नाही. संच मान्यतेचा नियम प्रवेश नाकारत नाही, हे खरं. पण ज्या मुलाला मोजलंच जात नाही, त्याच्या वाट्याचा शिक्षक कमी होतो. तांत्रिकदृष्ट्या नाकारलेलं नसलं तरी वर्गात बसलेल्या पोराला ते भोगावं लागतं.

१ डिसेंबर २०२३ पासून राज्यात हजेरीचा बॉट आला. महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेने पहिली ते दहावीच्या मुलांची रोजची हजेरी 'स्विफ्टचॅट' या ॲपवर भरायला सांगितली. ही माहिती विद्या समीक्षा केंद्राकडे जाते. या केंद्रांची कल्पना गुजरातची. गांधीनगरला असं केंद्र आधी उभं राहिलं आणि मग समग्र शिक्षा अभियानातून ती इतर राज्यांत गेली. राज्यात आज किती मुलं शाळेत आली हे पुण्या-मुंबईत त्याच दिवशी कळावं, हा हेतू. हेतूत गैर काही नाही. पूर्वी हीच माहिती केंद्रप्रमुखाकडे महिन्याच्या शेवटी कागदावर जाई, तिथून गटशिक्षणाधिकाऱ्याकडे, तिथून जिल्ह्याला. वर पोचेपर्यंत ती शिळी झालेली असे.

शिक्षक संघटनांनी विरोध केला तेव्हा शहरी वाचकाला तो कामचुकारपणा वाटला. म्हणून एखाद्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेची सकाळ कशी जाते ते पाहायला हवं. परिपाठ संपतो. चार किंवा पाच इयत्ता दोघांत वाटलेल्या. दोघांपैकी एकाकडे मुख्याध्यापकपदाचा भार. कॅटलॉग उघडतो, नावं पुकारली जातात. कागदी हजेरी सुटलेली नाही, तपासणीला आलेला अधिकारी तीच आधी मागतो. मग मोबाइलवर इयत्तावार हजेरी. मग पोषण आहाराच्या ॲपवर आज किती मुलं जेवली याचा आकडा. मग साठा नोंदवही, चव नोंदवही. रेंज असेल तर हे पटकन होतं. सह्याद्रीच्या कुशीतल्या किंवा सातपुड्यातल्या पाड्यावर रेंज शाळेत नसते, ती असते वळणावरच्या टेकाडावर. तेवढा वेळ दोन इयत्ता फळ्यावर लिहून दिलेलं उतरवत बसतात. याशिवाय शाळेची माहिती भरायचं यूडायस प्लस पोर्टल आहे, चाचणीचे गुण भरायचे आहेत, आता प्रत्येक मुलाचा अपार ओळखक्रमांक आहे. मूल एकच, पण त्याच्या नोंदी अनेक ठिकाणी, आणि एका ठिकाणचं दुसऱ्या ठिकाणी आपोआप जात नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं म्हटलं आहे. हजेरी घेणं हे अशैक्षणिक काम नाही. ते शिक्षकाचं पहिलं काम आहे. पण एकच हजेरी तीन ठिकाणी भरणं हे मला शिक्षण वाटत नाही. एकदा भरा आणि बाकीच्यांनी तिथून घ्या, ही शिक्षकांची मागणी इतकी साधी आहे की ती अजून पुरी का होत नाही याचं खरोखर दुःख होतं. पोषण आहाराचा आकडा हजेरीतून आपोआप निघू शकतो. तसं झालं तर दोन आकड्यांतली तफावतही आपोआप दिसेल, आणि तफावत शोधण्यासाठीच तर हे सगळं चाललं आहे.

खिचडी शिजवणाऱ्या ताईंना मात्र खरा आकडा कुठल्याही ॲपशिवाय माहीत असतो. ओट्यावर ताटल्या मांडता मांडता त्यांची मोजणी झालेली असते. आज अमक्या वस्तीवरची पोरं आली नाहीत, तिकडे लग्न आहे किंवा ओढ्याला पाणी आहे, हेही त्यांना ठाऊक असतं. शाळेच्या हजेरीवर संशोधन करणाऱ्याने प्रथम त्यांच्याकडे बसावं असं मला नेहमी वाटत आलं आहे.

कॅटलॉगवर नाव पुकारलं आणि उत्तर आलं नाही, की वर्ग गप्प बसत नाही. चार-पाच आवाज एकदम उठतात: ती आज्जीकडं गेली, त्याची आई दवाखान्यात आहे, त्यांचं बिऱ्हाड काल ट्रॅक्टरवर गेलं. गुरुजी खाली मान घालून गैरहजेरीची खूण करतात आणि कारण मनात ठेवतात. ही माहिती शाळेतली सर्वांत मोलाची माहिती आहे, आणि ती कुठेही भरली जात नाही. मोबाइलच्या पडद्यावर मूल हजर असतं किंवा गैरहजर. कागदी कॅटलॉगमध्येही कारणाचा रकाना नव्हता, पण कागद गावातच राहत होता आणि कारण जाणणारा माणूसही. आता आकडा गावातून निघून राजधानीत पोचतो आणि कारण मागेच राहतं. वर बसलेल्या अधिकाऱ्याला तालुक्याची उपस्थिती घसरलेली दिसते. ती डेंग्यूने घसरली, ऊसतोडीने घसरली की गावच्या जत्रेने, हे त्याला दिसत नाही. तो मग एकच आदेश काढू शकतो: उपस्थिती वाढवा.

आणि आदेश आला की उपस्थिती वाढते. पटावर.

माझी खरी भीती ही आहे. टक्केवारीवर शाळेचं मूल्यमापन होऊ लागलं की शिक्षकाला गैरहजेरी लपवावीशी वाटते. अनेकदा त्यात स्वार्थही नसतो. १९९२ पासून राज्यात दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्त समाजातल्या पहिली ते चौथीच्या मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता आहे. त्यासाठी ७५ टक्के हजेरी लागते आणि वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये मिळतात. तीस वर्षं उलटली तरी तो रुपया रुपयाच राहिला. थोड्या दिवसांनी ७५ टक्के हुकणाऱ्या पोरीला हजर दाखवणारी बाई त्या मुलीच्या बाजूने उभी असते. ऊसतोडीला गेलेल्या पोराचं नाव पटावरून न काढणारा शिक्षकही त्याच बाजूने असतो: नाव कमी केलं तर मार्चमध्ये ते पोर परत येईल तेव्हा त्याला शाळा उरणार नाही. आणि कधी शाळाच उरणार नाही. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात १४ हजारांहून अधिक आहेत. त्यांना एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार २०२३ मध्ये पुढे आला, आणि १५ मार्च २०२४ च्या संच मान्यतेच्या शासन निर्णयाने तर अशा शाळांमधल्या सहावी ते आठवीच्या वर्गांची पदं धोक्यात आणली. अशा वाडीवर पटावरचं एकेक नाव म्हणजे गावातली शाळा. ते नाव खोडणारी खरी माहिती कोण मनापासून भरेल?

म्हणून ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालाची पद्धत मला अधिक विश्वासाची वाटते. तिथे पाहणी करणारे न सांगता शाळेत जातात आणि त्या दिवशी समोर बसलेली मुलं मोजतात. त्यांच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या प्राथमिक व उच्च प्राथमिक सरकारी शाळांत सरासरी ७५.९ टक्के मुलं हजर होती. २०१८ मध्ये हा आकडा ७२.४ होता. वाढ समाधानाची आहे. पण याचा अर्थ कुठल्याही दिवशी चारांतलं एक मूल शाळेत नसतं. ते एक मूल रोज वेगळं असेल तर चिंता कमी. रोज तेच असेल तर ते शिक्षणातून सुटत चाललं आहे. सरासरी या दोहोंतला फरक सांगू शकत नाही. मुलागणिक रोजची हजेरी मात्र सांगू शकते! डिजिटल हजेरीची खरी ताकद इथे आहे, आणि मी तिच्या विरोधात नाही ते याचसाठी.

काही राज्यांना ही ताकद वेगळ्याच ठिकाणी दिसली. आसामने २०२३ मध्ये 'शिक्षा सेतू' ॲपवर चेहरा ओळखून हजेरी घ्यायला सुरुवात केली, तेलंगणानेही तोच मार्ग धरला. महाराष्ट्रात २०१८ च्या जूनमध्ये काही विभागांतल्या विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला होता. कारण उघड होतं: मुलांचं नाव महाविद्यालयात आणि मुलं दिवसभर खाजगी क्लासमध्ये. तिथे अंगठा मागणं मला समजू शकतं, कारण तिथे प्रश्न खोट्या हजेरीचा आहे. पण सहा वर्षांच्या पोराच्या चेहऱ्याची नोंद कशासाठी? त्याच्या बाईंना तो ओळखू येतो. लहान मुलांच्या बोटांचे ठसे नीट उमटत नाहीत, वाढत्या वयात चेहरा बदलतो. आधारमध्येसुद्धा पाच वर्षांखालच्या मुलाचे ठसे घेत नाहीत आणि पाचव्या व पंधराव्या वर्षी ते नव्याने द्यावे लागतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती बंधनकारक केली आणि मुलांच्या हालचालींवर पाळत ठेवायला मनाई केली. शाळांना शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती नियमांतून सूट आहे. ही सूट कुठपर्यंत ताणायची, हे पालकांनीच विचारायला हवं. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या महिला आणि तीन चतुर्थांश पालक असतात, ते याच प्रश्नांसाठी.

हजेरीचं आणखी एक रूप बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या ऑगस्ट २०२४ मधल्या घटनेनंतर ठळक झालं. मे २०२५ च्या शासन निर्णयात शाळांनी दिवसातून तीनदा हजेरी घ्यावी, सकाळी, मधल्या सुट्टीनंतर आणि शाळा सुटताना, आणि मूल गैरहजर असेल तर पालकांना संदेश पाठवावा असं सांगितलं. घरून निघालेली पोर शाळेत पोचलीच नाही, हे आईला संध्याकाळी कळण्याऐवजी सकाळीच कळणं, यासारखा मोबाइलचा दुसरा चांगला उपयोग नाही. इथे माहिती वर जात नाही, घरी जाते. ज्याला तिची गरज आहे त्याच्याकडे, ज्या वेळी गरज आहे त्या वेळी. पण यातही मेख आहे. नोंदवलेला फोन बहुधा वडिलांचा असतो, रिचार्ज संपलेला असतो, नंबर दर हंगामाला बदलतो. आणि आई-वडील स्वतःच मुलाला घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेले असतील, तर तो संदेश त्यांना काहीच सांगत नाही.

सगळी यंत्रणा उघडी पडते ती ऊसतोडीपाशी. दिवाळी झाली की बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव इथल्या गावांतून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. मागे सांभाळायला आजी-आजोबा नसतील तर लेकरं बरोबर. फडाजवळ कोप्या पडतात. पहाटे आईबाप तोडीला जातात, आणि नऊ-दहा वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन चुलीपाशी थांबते. ती चौथीत आहे. तिचं नाव गावच्या पटावर आहे.

हे काही कोणाला माहीत नाही असं नाही. १९९० च्या दशकापासून ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा झाल्या. वीटभट्ट्यांवरच्या मुलांसाठी विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने भोंगाशाळा काढल्या. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाल्यावर मुलांनी नियमित शाळेतच जावं हा आग्रह आला, तो योग्यही होता, पण त्यात साखरशाळा मागे पडल्या. स्थलांतर थांबावं म्हणून गावातच हंगामी वसतिगृहं आली, जिथे मूल नातेवाइकांकडे राहतं आणि त्याच्या जेवणाची सोय होते. २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजनेतून ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर झाली. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड द्यायचं ठरलं, ते दाखवलं की दुसऱ्या शाळेने त्याला बसवून घ्यायचं. २०१७ पासून बालरक्षक चळवळीत अनेक शिक्षक स्वेच्छेने, पदरमोड करून, अशा मुलांच्या मागे गेले. फडावर जाऊन पालकांशी बोलले, वीटभट्टीवरून पोरांना परत आणलं. महाराष्ट्राच्या शिक्षणात गेल्या काही वर्षांत जे मोठ्या मनाने झालं त्यात मी याला फार वरचं स्थान देईन.

पण या सगळ्या माणसांना बॉटची काय मदत होते? एक मूल सोमवारी गैरहजर, मंगळवारी गैरहजर, दहा दिवस गैरहजर. माहिती रोज पोचते. तरी शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात मूल शाळाबाह्य धरायचं ते सलग एक महिना गैरहजर राहिल्यावर. ऊसतोडीच्या हंगामात एक महिना म्हणजे एका पाठ्यपुस्तकाचा मोठा भाग. शिक्षण हक्क कायद्याने मुलाच्या प्रवेशाबरोबर त्याची उपस्थिती आणि शिक्षणाची पूर्तता पाहणंही सरकारवर आणि स्थानिक प्राधिकरणावर सोपवलं आहे. शाहू महाराजांनी २५ जुलै १९१७ च्या जाहीरनाम्याने करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्या काळी गैरहजेरीची जबाबदारी बापावर होती. आज कायद्याने ती राज्यावर आहे. मग रोजची माहिती हातात असताना राज्याने महिनाभर थांबायचं कारण उरत नाही.

करायचं ते फार अवघड नाही. तीन दिवस सलग गैरहजेरी झाली की ॲपने शिक्षकाला कारण विचारावं, पाच-सहा पर्यायांत: आजारपण, स्थलांतर, घरकाम, मजुरी, लग्न, माहीत नाही. वर्गातली पोरं जे ओरडून सांगतात ते तिथे एका टिचकीत नोंदलं जाईल. स्थलांतर असेल तर कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या कारखान्याकडे. या नोंदीबद्दल शिक्षकाला शिक्षा नको, शाळेचं पद त्या हंगामापुरतं जाऊ नये, हे आधी लेखी सांगितलं पाहिजे. नाहीतर खरं कोणी भरणार नाही. आणि मूल दुसऱ्या शाळेत बसू लागलं तर त्याची हजेरी तिथे लागावी आणि नाव मूळ पटावरही सुरक्षित राहावं. आज त्यासाठी बदलीची मागणी, मान्यता, पुन्हा परतीची मागणी असा फेरा करावा लागतो, आणि तो पुरा होईपर्यंत गाळप संपत येतं.

कुठल्या गावचे किती कोयते कुठल्या तळावर उतरले, ही माहिती महाराष्ट्रात आज अत्यंत अचूकपणे ठेवली जाते. मुकादमाच्या वहीत ती असते, कारण त्याने उचल दिलेली असते. कारखान्याच्या शेतकी विभागात असते, कारण तोडणी-वाहतुकीचे करार तिथे होतात आणि रोजचा ऊस तिथेच मोजला जातो. पैशाची बाब असल्याने तिथे एकही कोयता हरवत नाही. शाळेची हजेरी आणि ही यादी एकत्र ठेवली, तर या नोव्हेंबरात केजच्या किंवा पाथर्डीच्या वर्गात पहिली गैरहजेरी लागेल त्याच आठवड्यात फडाजवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना कळवता येईल की तुमच्या हद्दीत चौथीतली एक मुलगी आली आहे, तिला बोलावून घ्या आणि तिच्या धाकट्या भावासाठी अंगणवाडीताईंनाही सांगा.